खऱ्या थपडेचा आवाज

आमच्या घरात शेंगदाण्याची चटणी कधी संपली नाही. समोरची जिजी वाटी घेऊन यायची आणि म्हणायची, "तुमच्याकडची चटणी म्हणजे केव्हाही ताजीच गं बाई!" ताजी असणारच की. भाऊचा हात वहिनीवर उठला की आई मुकाट्यानं उठायची, डब्यातले शेंगदाणे घ्यायची, चार लसणाच्या पाकळ्या, तिखट, मीठ, आणि मिक्सर लावायची. तो मिक्सर म्हणजे गांधीलमाश्यांचं पोळं होतं, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. आतलं काम आटोपलं की मिक्सर बंद. मग भाऊ जेवायला बसायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडायचा आणि त्याच चटणीवर तेल ओतून म्हणायचा, "वा माय, भू बेस!" मिक्सर येण्याआधी खलबत्ता होता. तेव्हा मार खाणारी आई होती, मारणारे आबा होते आणि खलबत्ता कुटायला आजी होती. म्हणजे चटणी आमच्या घराण्यातच होती म्हणा ना. आज माझ्या ताटात कोणी शेंगदाण्याची चटणी वाढली तर मी ताट सरकवते. लोक विचारतात, पित्त आहे का? मी म्हणते, हो, जुनं आहे.

धुळ्यात आबांचा बँड होता. लग्नाच्या वराती, श्रावणातल्या कानबाई देवीचं विसर्जन, गणपती, पार साक्री-पिंपळनेरपर्यंत सुपाऱ्या असायच्या. आबा ट्रम्पेट वाजवायचे. जन्मभर पाठीशी मोठा ढोल आणि डोक्यावर कर्णे घेऊन चालल्यामुळे त्यांचे दोन्ही कान गेले. तरी बँडवर हुकूम त्यांचाच. घर त्यांच्या नावावर, बँडची गाडी त्यांच्या नावावर, सुपारी घ्यायला येणारा माणूसही त्यांच्याच पायाशी बसायचा. नवा स्पीकर आला की आबा त्याच्या लाकडी बॉक्सवर तळहात पसरून ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तळव्यानं ऐकायचे. "हाई खालनं फाटेल शे," म्हणायचे, की तो बॉक्स परत दुकानात. कानांच्या बाबतीत मात्र त्यांचं एक होतं. हिशेबाचं, जेवणाचं, लग्नाच्या तिथीचं काही ओठ हलवून सांगितलं तर त्यांना पटकन कळायचं. भाऊनं वहिनीला मारलं, असं सांगायला गेलं की कानाला हात लावून म्हणायचे, "माले आयकू येत नही." आणि तोंड फिरवायचे. त्या बहिरेपणाचा मला इतका संताप यायचा की त्यांच्या कानात ट्रम्पेट घालून फुंकावं असं वाटायचं.

भाऊ माझा मोठा भाऊ. बँडमध्ये गायचा. गल्लीतल्या कोणालाही विचारा, भाऊसारखा दिलदार माणूस नाही असंच सांगतील. कोणाच्या मयताला खांदा द्यायला पहिला, कोणाच्या पोरीच्या लग्नात बँड फुकट. घरी येताना शेवभाजीचं पातेलं बांधून आणायचा आणि मला हाक मारायचा, "इंजिनेर, ये, गरम शे तवर खाई ले!" मला इंजिनेर म्हणायचा कारण मी टायपिंगच्या क्लासशेजारी नवीन निघालेल्या कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. लाड करायचा माझे. आणि वहिनीनं पाणी उशिरा दिलं, किंवा वेळेवर दिलं पण पाहिलं कसं, किंवा पाहिलंच का नाही, यावरून तिला भिंतीवर आपटायचा. दारू प्यायचा नाही हो. लोकांना वाटतं दारू असते. काही नव्हतं, भरदुपारी, चांगल्या शुद्धीत, जेवणाआधी. मी एकदा मध्ये पडले तर मला दंडाला धरून अंगणात भिरकावलं आणि वर म्हणाला, "लागी जाई ना येडी, मध्ये कसाले पडस?" म्हणजे बघा, माझी काळजी!

शोभावहिनी यावलकडची, केळीवाल्या घरातली. आमच्या गल्लीत सगळे अहिराणी किंवा साधी मराठी बोलायचे, ती एकटी तिच्या बाजूचं बोलायची, "जाईल", "येईल" याचं "जाईन", "येईन" करून. गल्लीतल्या बाया तिची नक्कल करायच्या. भरीत करावं तर तिनं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून केळीच्या पानात गुंडाळून ठेवायची, मग लाकडी बडजीत ठेचायची. एकदा ती माहेरी निघून गेली होती, तेव्हा तिच्या वडलांनी केळीचे दोन घड आणि तिला असं एकाच टेम्पोत परत पाठवलं. तिची पोरगी पिंकी तेव्हा पाळण्यात होती. त्या वर्षी उन्हाळ्यात भाऊनं वहिनीचा गळा दाबला. आवाज फुटेना, आठ दिवस ती कुजबुजत बोलायची आणि गल्लीत सांगायची, थंड पाणी प्यायले म्हणून. मला तेव्हाच कळलं होतं की पुढच्या खेपेला ही जगणार नाही. मी आईला तसं म्हटलं. आई म्हणाली, "हळू बोल."

आता कॉम्प्युटरकडे येते. भाऊला बँडसोबत कॅसेटचा धंदा करायचा होता. खान्देशी विनोदी नाटुकल्यांच्या कॅसेटी तेव्हा धडाधड खपायच्या, बसस्टँडवर, रसवंतीवर, सगळीकडे वाजायच्या. शिंदखेड्याचे बापू अशा कॅसेटी काढायचे, ढोलकीएवढं पोट, कायम पान. त्यांनी भाऊला सांगितलं की मुंबईला आता पेटी-तबला लागत नाही, सगळे आवाज कॉम्प्युटरमधूनच निघतात. झालं! भाऊनं जुळवलेला कॉम्प्युटर आणला, त्यात साउंडकार्ड बसवलं, स्वयंपाकघराच्या मागची खोली दिली. मी भिंतींना गोधड्या ठोकल्या, खिडकीत कापसाचं गाठोडं कोंबलं, खोली कोरडी ठक्क झाली, आवाज घुमेना. पलीकडे स्वयंपाकघर, मध्ये नुसता पत्रा. बापूंना माझ्याकडून हवं होतं ते एकच, मारामारी. त्यांच्या प्रत्येक नाटुकलीत सासू-सुनेची, नवरा-बायकोची मारामारी असायची आणि तिथंच पब्लिक खदखदून हसायचं. ते म्हणाले, "पोरी, असा आवाज काढ का कोनी आयकेल नसावा. थापड पडनी तर बसस्टँडवरना मानूस वळीसन दखाले पाहिजे."

बापूंनी मुंबईहून कोणाकडून तरी सीडी आणून दिल्या. त्यांत आवाज बनवायचे कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, होते, बिनवाद्याचे. अख्खा पावसाळा मी त्यांतला कुठला चांगला हे बघण्यात घालवला. शिकवणारं कोणी नाही, पुस्तक इंग्रजी, वीज दिवसातून तीनदा जायची आणि केलेलं सगळं पाण्यात. मी त्या कार्यक्रमांना माझी नावं ठेवली होती. एक होता दुकानदार. बटण दाबलं की तयार माल, सतार म्हणाल तर सतार, वीज कडाडणं म्हणाल तर तेही, पण सगळं प्लास्टिकच्या फुलांसारखं. दुसरा गवंडी. त्यात तयार काहीच नाही, साध्या सरळ लहरीवर लहर रचायची, जाड करायची, वरची धार कापायची, खालचा भाग ठेवायचा. कटकटीचा, पण त्यातून जे निघे ते आपलं असे. तिसरा जातं. त्यात कुठलाही खरा आवाज टाकायचा, तो त्याचे कण कण करायचा आणि मग तुम्ही ते पीठ हवं तसं पसरा, ओढा, उलटं फिरवा, खालच्या पट्टीत न्या. पिंकीच्या खुळखुळ्याचा मी त्यातून अर्धा मिनिट चालणारा गारांचा पाऊस केला होता. भाकरी थापण्याचा आवाज ओढला तर घोडे दौडत आल्यासारखे वाटायचे. किती मजा यायची मला, खोटं कशाला सांगू? त्या खोलीत मी राणी होते.

थपडेसाठी मी काय काय झोडपलं! ओली गोधडी काठीनं, पाण्यानं भरलेला फुगा, भोपळा, बैलाचं जुनं कातडं. भोसकण्यासाठी वहिनीच्या माहेराहून केळीचा खुंट आणवला होता. त्यात कोयता घातला की असा ओला, खोल आवाज यायचा की बापूंनी पान थुंकून टाळी दिली होती. असंच एका दुपारी मी माईक चालू ठेवून खुंटात कोयता घालत होते, आणि पत्र्यापलीकडे भाऊचा आवाज चढला. मी हात थांबवला. पहिला फटका पडला. मग भांडं पडलं. मग आईचा मिक्सर सुरू व्हायला हवा होता, पण तेवढ्यात वीज गेली नव्हती का स्वयंपाकघराच्या लाइनीची! फ्यूज उडाला होता, माझ्या खोलीची लाइन वेगळी, ती चालू. पहिल्यांदाच मी ते सगळं चटणीशिवाय ऐकलं. फटका, फटका, डोकं पत्र्याला लागल्याचा आवाज, आणि वहिनीचं एकच वाक्य, "नका हो, पोरगी उठीन." ओरडली नाही ती. नेहमीच्या आवाजात, सांगितल्यासारखं. मी कोयता घेऊन दारापर्यंत गेले होते, देवाशप्पथ गेले होते. दार उघडलं तेव्हा भाऊ मोरीवर हात धूत होता आणि म्हणाला, "इंजिनेर, फ्यूज दखी ले जरा."

परत आले तर कॉम्प्युटर सगळं टिपत बसलेला. पडद्यावर कोयत्याचे आवाज डोंगराएवढे दिसत होते आणि त्यापुढे भाऊचे फटके मुंग्यांच्या वारुळाएवढे. मी ते पुसलं नाही. दोन दिवसांनी बापू आले, हेडफोन लावून माझे सगळे तुकडे एकामागून एक ऐकायला लागले, हा चालेल, हा नको. आणि मी थांबवायच्या आत तो तुकडा लागला. वहिनीच्या वाक्याच्या आधीचे दोन-तीन फटके त्यांनी ऐकले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हाई काय? कोनी पीठ मळी राहिनं का? काढ हाई, खोटं वाटस." माझ्या अंगाची नुसती लाही झाली. खोटं वाटतं म्हणे! आणि त्याच क्षणी मला हेही समजलं की आमच्या गल्लीला कधीच काही का ऐकू गेलं नाही. माणूस माणसाला मारतो त्याचा आवाज पीठ मळण्याएवढाच असतो.

बापू गेल्यावर मी वहिनीला आत बोलावलं. पिंकीला मांडीवर घेऊन ती माझ्या खुर्चीत बसली, हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. उजव्या, चांगल्या कानावर नीट बसवला, डाव्यानं तिला कमी ऐकू यायला लागलं होतं. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. हेडफोन काढून मला म्हणाली, "इतकुसाच आवाज व्हतो? मले तं वाटे सारी गल्ली आयकते." मग तिनं पडद्यावरच्या त्या मुंग्यांवर बोट ठेवलं. "हे मोठं करता येते का?" मी म्हटलं, येतं. "मामंजींले आयकू जाईन इतलं?" मामंजी म्हणजे आबा. मी म्हटलं, "कानांनी नाही जाणार. हाताला जाईल." घरातून भाऊला बाहेर काढू शकेल असा एकच माणूस होता आणि तो प्रत्येक नव्या बॉक्सवर हात ठेवून ऐकायचा.

त्यानंतरचे दिवस मी जसं काम केलं तसं पुढे आयुष्यात कधी केलं नाही, आणि पोटापाण्यासाठी मी जन्मभर हेच केलं आहे. पहिल्यांदा दुकानदाराकडचा गडगडाट फटक्याखाली टाकून पाहिला. शी! सिनेमा झाला नुसता, लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. मग फटका उलटा फिरवला, तर कोणी श्वास आत ओढतंय असं वाटायला लागलं. तो आवाज भयंकर होता, पण त्यातून मारलंय हे कळेना. शेवटी मी स्वतःला अट घातली की बाहेरचं काही मिसळायचं नाही, जे करायचं ते त्याच फटक्यातून. जात्यात तो टाकला, कण कण केले, ओढून लांब केला, दोन सप्तकं खाली नेला. तेव्हा त्यातून एक जड, सरपटणारं काहीतरी निघालं. मग गवंड्याकडे जाऊन त्याच पट्टीत एक साधी सरळ लहर रचली, कानाला जेमतेम कळेल पण लाकूड हलवेल अशी, आणि ती प्रत्येक फटक्याच्या पोटात बसवली. वहिनीच्या वाक्याला मी बोट लावलं नाही. ते होतं तसंच ठेवलं, फक्त त्याच्या भोवतीचं सगळं बंद केलं.

पण किती जड, हे मला कसं कळणार? मला कुठं कोणी तसं मारलं होतं? ते वहिनीनं ठरवलं. मागच्या खोलीत जुना बॉक्स होता, दुपारी भाऊ बाहेर असला की ती त्यावर तळहात ठेवून उभी राहायची आणि मी आवाज अगदी बारीक ठेवून वाजवायची. ती मान हलवायची. "नाही. याच्याहून जड राह्यते." मी लहर जाड करायची, कॉम्प्युटर कुथत बसायचा, आम्ही चहा प्यायचो, पुन्हा वाजवायची. "आता हाताले लागते, पण इथं नाही," म्हणून ती छातीवर बोट ठेवायची. एकदा वीज गेली आणि दोन दिवसांचं सगळं गेलं, तेव्हा मी कीबोर्ड भिंतीवर फेकला होता. तिनं उचलून पदरानं पुसला. "करा पुन्हा," म्हणाली, "मी कुठं चालली?" ज्या दिवशी वाजवल्याबरोबर तिनं हात चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि पिंकीला उचलून घट्ट धरलं, त्या दिवशी मी ती फाइल बंद केली. तिला विचारलं, भीती वाटते का? "वाटते तं," ती म्हणाली, "पण वाजवा तुम्ही."

लग्नसराई संपली की श्रावणाच्या तोंडावर आमच्याकडे स्पीकरची चाचणी असायची. कानबाई आणि गणपतीच्या सुपाऱ्यांसाठी नवे बॉक्स गाडीवर चढवायचे, गल्लीत गाडी लावायची आणि सगळ्यांसमोर वाजवायचं. पोरंबाळं, बाया, ओट्यावर खुर्च्या टाकून म्हातारे, सगळी गल्ली जमायची. भजी निघायची. त्या वर्षी तर बापूंची नवी कॅसेट गाडीवरून पहिल्यांदा ऐकवायची होती, म्हणून भाऊनं पेढे आणले होते. सकाळी अकराचा सुमार. आबा नेहमीप्रमाणे पांढरी टोपी घालून गाडीशी आले आणि सगळ्यात मोठ्या बॉक्सवर त्यांनी तळहात पसरला, डोळे मिटले. वहिनी दारात उभी, डोक्यावर पदर. आई उंबऱ्याच्या आत. मी कॅसेट घातली, माझ्या हातानं भरलेली. नाटुकली सुरू झाली, सासू बोलली, सून बोलली, लोक हसायला लागले, भाऊ सगळ्यांना पेढे वाटत फिरत होता. नवरा म्हणाला, "थांब, तुले दखाडस." इथं ढिशूम यायला हवं होतं.

फटका आला. गल्लीतल्या पत्र्यांना कंप सुटला, जिजीच्या ओट्यावरचा पितळी तांब्या गडगडत खाली आला. लोक अजून हसतच होते, कारण हसायचं ठरलेलं होतं. दुसरा आला. तिसरा. डोकं पत्र्याला लागल्याचा तो आवाज आला, तेव्हा एक मूल रडायला लागलं. मी आबांकडे बघत होते. त्यांचा हात बॉक्सवर होता, बोटं हळूहळू आत वळत होती. आणि मग सगळं थांबून, साध्या आवाजात, गल्लीभर, "नका हो, पोरगी उठीन." असं बोलणारी अख्ख्या गल्लीत एकच बाई होती. हसणं कोणी कापल्यासारखं तुटलं. जिजी म्हणाली, "वं माय! हाई तर शोभा!" सगळ्या माना दाराकडे वळल्या. वहिनीनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. गळ्यावरचे नखांचे वण जुने झाले होते, पण होते.

भाऊच्या हातातला पेढ्यांचा पुडा पडला. तो माझ्याकडे आला ते हसत. मला आजही तेच आठवतं, चेहरा हसरा होता. पहिल्यांदा त्यानं मला गाडीवरून ओढून खाली पाडलं, मग आत जाऊन कॉम्प्युटर उचलून आणला आणि गल्लीत, दगडावर आपटला. काचा उडाल्या. मी तरी गप्प बसायची की नाही! नाही बसले. मी ओरडले, "फोड! गल्लीनं ऐकलंय आता!" तेव्हा त्यानं माझा डावा हात गाडीच्या फाळक्यात धरून फाळका बंद केला. दोन बोटं मोडली, ती अजून वाकडी आहेत, कीबोर्डवर खालचे सूर मी उजव्या हातानंच लावते. त्यानं फाळका पुन्हा उघडला, पुन्हा मिटायला, आणि तेवढ्यात वहिनी आली. तिच्या हातात मोरीवरची कपडे धुण्याची मोगरी होती. तिनं ती त्याच्या खांद्यावर घातली. मग मनगटावर. मग गुडघ्यावर. भाऊ खाली बसला तरी ती मारत राहिली, आणि मी मोडकी बोटं काखेत धरून बघत राहिले, आणि मला बरं वाटत होतं. ज्यांना हे वाचून कसंतरी होईल त्यांना होऊ दे. चार बायांनी मिळून तिला धरलं. आता मात्र धावले सगळे, आता ऐकू आलं होतं!

कॅसेट चालूच होती. पुढच्या प्रवेशात पुन्हा तोच फटका लावला होता मी. तो आला तशी आबांनी बॉक्सवरून हात काढला, धोतराला पुसला, पुन्हा पुसला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "बंद कर ते. माले आयकू येस." गल्लीत सगळ्यांनी ते ऐकलं. ते भाऊकडे गेले. मला वाटलं उचलतील, किंवा मारतील. त्यांनी खाली वाकून त्याच्या कमरेची गाडीची किल्ली सोडवली, घराचीही सोडवली, आणि दोन्ही वहिनीच्या हातात दिल्या. तिच्याकडे बघितलं नाही. आईकडेही बघितलं नाही. आपल्या खोलीत गेले आणि दिवसभर दार उघडलं नाही. त्यांनी त्या बॉक्समध्ये स्वतःचाही हात ओळखला असेल का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि मला आबांची दया येत नाही, हेही इथं लिहून ठेवते.

भाऊ बँडच्या गोदामात राहायला गेला. चार दिवसांनी भाऊबंदांतले दोघं मध्यस्थीला आले, म्हणाले, झालं गेलं विसरा, नवरा-बायकोचं असतंच. आबांनी त्यांना चहा पाजला आणि कानाला हात लावला. पण खरा प्रश्न कानबाईचा होता. आमच्याकडे कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करायचे तर घरातल्या प्रत्येक पुरुषामागे एकेक मूठ गहू घ्यायचे, ते घरच्या जात्यावर दळायचे. बायकांची मूठ नसते. मी लहानपणी विचारलं होतं, माझी का नाही, तर आजीनं पाठीत धपाटा घातला होता. ज्याची मूठ पडली तो घरचा. मूठ चुकवायची नसते, परदेशी गेलेल्याचीही घेतात, पाळण्यातल्या पोराचीही घेतात, फक्त मेलेल्याची घेत नाहीत. आणि मूठ मोजायची ती आईनं. म्हणून सगळे म्हणत होते, कानबाईला तरी भाऊ घरी येईलच, आई काय त्याची मूठ चुकवणार आहे?

भाऊ आला. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, एक हात गळ्यात बांधलेला. उंबऱ्याशी उभा राहिला, आत यायला मात्र त्याला कोणी म्हटलं नाही. वहिनी चुलीवर गंगाफळाची भाजी ढवळत होती. तिचा हात थांबला. मी तिच्या जवळ जाऊन बसले. मला ठाऊक होतं की आता आईची एक मूठ पडली की तो उंबरा ओलांडणार, आणि एकदा ओलांडला की गोधड्या ठोकलेल्या कितीही खोल्या असल्या तरी उपयोग नाही. आईनं सुपासमोर पाट घेतला. गव्हात हात घातला, आबांची मूठ काढली, सुपात टाकली. पुन्हा हात घातला. मूठ भरली, वर आली, तशीच थांबली. एका बाजूनं गहू निसटत होते. मग तिनं मूठ उलटी केली आणि गहू परत पोत्यात सोडले, आणि पोत्याचं तोंड बांधलं.

भाऊला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "माय," तो म्हणाला, "मनी मूठ?"

आई जात्याशी सरकली. खुंटा हातात धरला. मान वर न करता, हळूही न बोलता, ती म्हणाली, "काय म्हनस भो? माले काही आयकू उनं नही."

आणि तिनं जातं फिरवायला घेतलं.